खचणारी जमीन आणि उपग्रहाचा नकाशा

अलीकडे वृत्तपत्रांतून एक विशिष्ट प्रकारचा नकाशा वरचेवर छापून येतो. समुद्रकाठच्या एखाद्या शहराची बाह्यरेषा, तिच्यावर लाल, पिवळे, हिरवे ठिपके आणि वर ठळक मथळा : अमुक शहर समुद्रात बुडणार. कधी ते शहर जकार्ता असते, कधी बँकॉक, कधी मनिला, तर कधी मुंबई किंवा चेन्नई. नकाशाखाली बहुधा 'उपग्रहाने टिपलेले छायाचित्र' असे लिहिलेले असते. विद्यार्थी ते कात्रण वर्गाच्या सूचनाफलकावर लावतात आणि मग हमखास प्रश्न येतो, "सर, मुंबई किती वर्षांत बुडेल?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर देण्याआधी हा नकाशा कसा तयार होतो, त्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे. या लेखात अशा नकाशांची चिकित्सा करायची आहे. संशोधकांचे काम कमी लेखण्याचा हेतू नाही. ते काम मोलाचे आहे, म्हणूनच ते नीट वाचले गेले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : जमीन कोठे आणि किती खचते, हे उपग्रह फार चांगले सांगतो. ती का खचते, हे तो सांगत नाही. आणि शहर वाचवायचे असेल, तर 'का' या प्रश्नावाचून गत्यंतर नाही.

हे छायाचित्र नव्हे

नकाशातले रंग कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेले नसतात. उपग्रहावरील रडार जमिनीकडे सूक्ष्मतरंग पाठवते आणि परत आलेले तरंग नोंदवते. युरोपीय अवकाश संस्थेचा 'सेंटिनेल-१' हा उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये सोडण्यात आला. या मालिकेतील उपग्रह सुमारे ७०० कि.मी. उंचीवरून फिरतात आणि एक उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो. त्यांच्या तरंगाची लांबी सुमारे ५.६ सें.मी. असते.

परतलेल्या तरंगाची कला, म्हणजे उंचवटा आणि खोलगट भाग यांच्या चक्रात तो नेमका कोठे आहे हे, अतिशय बारकाईने मोजता येते. समजा, दोन फेऱ्यांच्या दरम्यान जमीन उपग्रहापासून किंचित दूर गेली. तरंगाला जाताना आणि येताना, असे दोन्ही वेळा तेवढे जास्त अंतर कापावे लागते. त्यामुळे जमीन अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे २.८ सें.मी.ने सरकली की कलेचे एक चक्र पुरे होते. त्या चक्राचाही लहानसा अंश ओळखता येत असल्याने मिलिमीटरची भाषा शक्य होते. दोन वेळच्या तरंगांची अशी तुलना करण्याला रडार व्यतिकरणमिती म्हणतात. कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे १९९२ साली झालेल्या भूकंपाने जमीन कशी सरकली, याचा असा नकाशा फ्रेंच संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला आणि या पद्धतीकडे जगाचे लक्ष गेले.

सातशे कि.मी. वरून मिलिमीटरची हालचाल कळावी, ही थक्क करणारी गोष्ट आहे. शिवाय एका फेरीत सगळे शहर पाहून होते. जमिनीवर दुर्बीण आणि मोजपट्टी घेऊन तेवढ्या जागांची उंची मोजायची तर वर्षे लागतील. सेंटिनेलची माहिती कोणालाही विनामूल्य मिळते, हाही मोठा गुण. गरीब देशातला अभ्यासक आता आपल्या शहराचा नकाशा स्वतः काढू शकतो. एवढे मान्य करून पुढे जाऊ.

नकाशाला विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न : खचली ती कशाच्या तुलनेत? ही पद्धत एका बिंदूची हालचाल दुसऱ्या बिंदूच्या तुलनेत मोजते. अभ्यासक एखादी जागा स्थिर धरतो आणि बाकीच्या जागा तिच्याशी ताडून पाहतो. ती जागाच हळूहळू खचत असेल, तर सगळ्या नकाशातले आकडे तेवढ्याने चुकतील. म्हणून जमिनीवर कायम बसवलेल्या जी.पी.एस. केंद्रांशी पडताळा घ्यावा लागतो. वर्षाला २० सें.मी. खचणाऱ्या शहरात ही चूक नगण्य ठरते. वर्षाला २ मि.मी. अशा आकड्याच्या बाबतीत मात्र तीच चूक मूळ आकड्याएवढी असू शकते.

दुसरा प्रश्न : कोणत्या दिशेने? उपग्रह सरळ खाली पाहत नाही. तो तिरका पाहतो आणि आपल्या नजरेच्या रेषेतील हालचालच त्याला कळते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना येथे त्रिकोणमिती कामी येईल. रडारची नजर उभ्या रेषेशी ३५ अंशांचा कोन करते असे धरा. जमीन १० मि.मी. खाली गेली, तर उपग्रहाला १० × कोज्या ३५°, म्हणजे सुमारे ८.२ मि.मी. दिसेल. तीच जमीन नजरेच्या दिशेत १० मि.मी. आडवी सरकली, तर १० × ज्या ३५°, म्हणजे सुमारे ५.७ मि.मी. दिसेल. सगळी हालचाल उभीच आहे असे गृहीत धरले, तर या आडव्या सरकण्याचे रूपांतर ७ मि.मी. खोट्या खचण्यात होईल. यावर उपाय आहे : उत्तरेकडे जाताना आणि दक्षिणेकडे जाताना, अशा दोन बाजूंनी घेतलेल्या नोंदी एकत्र करायच्या. तसे केले आहे की नाही, हे मथळा सांगत नाही.

तिसरा प्रश्न : किती काळात? वाटेत हवा असते आणि हवेतील बाष्पामुळे तरंगाला उशीर होतो. आर्द्रतेत २० टक्क्यांचा फरक असेल, तर १० सें.मी.पर्यंतची चूक होऊ शकते. म्हणजे एका पावसाळी आणि एका कोरड्या दिवसाच्या नोंदी ताडून मिलिमीटर मागणे व्यर्थ आहे. अनेक वर्षांच्या, शंभरावर नोंदी घेतल्या की हवेचा चढउतार सरासरीत मावळतो आणि जमिनीची सावकाश चाल उरते. जोडीला, इमारतींच्या कडा, पूल, खांब अशा ज्या वस्तूंकडून प्रत्येक वेळी सारखाच प्रतिध्वनी येतो, तेवढ्याच बिंदूंवर भर द्यायचा, ही पद्धत इटलीतील मिलान येथील संशोधकांनी २००० च्या सुमारास पुढे आणली. आज शहरांचे बहुतेक नकाशे तिच्या आधारे निघतात.

चौथा प्रश्न यातूनच निघतो : ठिपका नेमका कशाचा? बहुधा तो इमारतीचा असतो, जमिनीचा नव्हे. खोलवर कठीण थरापर्यंत खांब नेऊन उभारलेला मनोरा जागचा हलत नाही, आणि त्याच्या भोवतीचा रस्ता, गटार व जलवाहिनी खाली जात राहतात. नकाशावर तेथे हिरवा ठिपका दिसेल आणि तळमजल्यावरचा रहिवासी मात्र पायऱ्या व रस्ता यांच्यामधली फट बुजवत असेल. उलट खारफुटी, शेते, मिठागरे आणि दलदल यांच्याकडून दर वेळी वेगळा प्रतिध्वनी येतो. तेथे ठिपकेच उमटत नाहीत. वाचक त्या रिकाम्या जागेला सुरक्षित समजतो. खरे तर खाडीकाठच्या मऊ गाळाबद्दलच आपल्याला सर्वांत जास्त काळजी असायला हवी. रिकामी जागा म्हणजे 'ठीक आहे' नव्हे, तर 'दिसले नाही' एवढेच.

जकार्ता : दोष समुद्राचा की विहिरीचा?

आता ज्या शहराचे नकाशे सर्वांत जास्त छापले जातात, त्या जकार्ताकडे वळू. तेथे जमीन खचते हे उपग्रहाने शोधून काढले नाही. बांडुंग येथील तंत्रविज्ञान संस्थेचे हसनुद्दीन आबिदिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० व १९९० च्या दशकांतील तलमापनाच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ च्या अखेरीपासून जी.पी.एस.ने मोजणी सुरू केली. बऱ्याच ठिकाणी वर्षाला १ ते १५ सें.मी. आणि काही जागी त्याहूनही अधिक, असा वेग त्यांना आढळला. पुढे एस्टेल शोसार्ड, फाल्क आमेलुंग, आबिदिन आणि सहकारी यांनी 'आलोस' या जपानी उपग्रहाच्या २००६ ते २००९ मधील नोंदी वापरून सुमात्रा आणि जावा या बेटांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधात खचणारे नऊ भाग दाखवले असून त्यांत सहा मोठी शहरे आहेत. कमाल वेग वर्षाला २० सें.मी.च्या वर.

हा निबंध या प्रकारच्या लेखनाचा चांगला नमुना मानता येईल. लेखक नकाशापाशी थांबले नाहीत. खचणाऱ्या जागी जमिनीचा वापर कशासाठी होतो, हे त्यांनी ताडून पाहिले. कारखाने आणि भूजलाचा उपसा यांच्याशी खचण्याचा संबंध त्यांनी दाखवला. उत्तर सुमात्रात नैसर्गिक वायूच्या उपशाचीही त्यांनी दखल घेतली.

साधा हिशेब करून पाहा. जगभरच्या समुद्राची पातळी सध्या सरासरीने वर्षाला सुमारे ४ मि.मी. वाढते. जकार्ताच्या एखाद्या भागात जमीन वर्षाला १०० मि.मी. खचत असेल, तर समुद्र आणि जमीन यांच्यातील १०४ मि.मी.च्या बदलापैकी ९६ टक्के वाटा जमिनीचा. 'समुद्र जकार्ता गिळतो' हा मथळा अशा जागी चार टक्केच खरा. दुसरी खूण म्हणजे खचण्यातला असमानपणा. समुद्र शेजारच्या दोन वस्त्यांसाठी वेगवेगळा वाढत नाही. नकाशावर मात्र एका वस्तीत गडद लाल आणि चार कि.मी.वर हिरवा, असे चित्र दिसते. तेव्हा कारण समुद्रात नसून पायाखाली आहे, हे नकाशाच सुचवतो.

पण पायाखाली नेमके काय? आबिदिन यांनी चार कारणे सांगितली आहेत : भूजलाचा उपसा, इमारतींचा भार, नव्या गाळाचे आपोआप दबणे आणि भूकवचाच्या हालचाली. उपग्रहाला या चारांची बेरीज तेवढी कळते. बेरजेवरून बेरजेतील संख्या काढता येत नाहीत, हे प्राथमिक शाळेतले मूलही सांगेल. त्यासाठी विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी, मातीचे नमुने आणि किती खोलीवरून किती पाणी काढले याचे हिशेब हवेत.

उपसा आणि खचणे यांचा संबंध समजण्यासारखा आहे. वाळूच्या पाणी धरणाऱ्या थरांमध्ये चिकणमातीचे थर असतात. वरचा भार काही अंशी मातीचे कण आणि काही अंशी छिद्रांतील पाणी पेलते. खोल थरातील पाण्याचा दाब १ मीटर उंचीच्या स्तंभाएवढा कमी झाला, की दर चौरस मीटरमागे सुमारे १ टनाचा भार पाण्याकडून कणांकडे येतो. कण जवळ सरकतात आणि थर दबतो. चिकणमातीतून पाणी फार सावकाश निघते. त्यामुळे आज दिसणारे खचणे काही अंशी दहा-वीस वर्षांपूर्वीच्या उपशाचे फळ असू शकते. कालच्या कारणाचा परिणाम आजच्या नकाशात उमटतो, हे वाचकाला कोणी सांगत नाही.

आणि येथेच हा वाद पुस्तकी राहत नाही. दोष समुद्राचा ठरला, तर उपाय भिंतीचा. २०१४ मध्ये जकार्ताच्या उपसागरात प्रचंड समुद्रभिंत बांधण्याची योजना गाजावाजाने मांडली गेली. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी राजधानी बोर्निओ बेटावर हलवण्याची घोषणा केली. पूर आणि खचणारी जमीन हे तिच्या कारणांपैकी एक. दोष विहिरीचा ठरला, तर उपाय नळाचा. घरोघरी आणि कारखान्यांना पुरेसे नळाचे पाणी द्यायचे आणि मग उपशावर बंदी घालायची. १ ऑगस्ट २०२३ पासून जकार्ताच्या ठरावीक विभागांत मोठ्या इमारतींना भूजल काढण्यास मनाई झाली, हे याच दिशेचे पाऊल. शिवाय भिंतीच्या आतली जमीन खचतच राहिली, तर भिंत दर काही वर्षांनी उंच करावी लागेल, हे उघड आहे. राजधानी हलली, तरी जकार्ताचे लक्षावधी रहिवासी तेथेच राहणार आहेत.

तोक्योचा धडा

उपग्रहाशिवाय हे काम झालेले नाही काय? झाले आहे. तोक्योच्या पूर्वेकडील सखल भाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खचत होता. काही जागी एकूण खचणे सुमारे साडेचार मीटरपर्यंत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कारखाने उद्ध्वस्त झाले, उपसा थांबला आणि खचणेही जवळजवळ थांबले. युद्धानंतर कारखाने पुन्हा उभे राहिले आणि जमीन पुन्हा खचू लागली. कोणी मुद्दाम न केलेला हा प्रयोग होता आणि त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता. जपानने १९५६ मध्ये कारखान्यांच्या आणि १९६२ मध्ये इमारतींच्या भूजल वापरावर निर्बंध घालणारे कायदे केले. कारखान्यांना पाण्याची पर्यायी सोय करून दिली. १९७० च्या दशकात खचण्याचा वेग झपाट्याने उतरला. रडार व्यतिकरणमिती त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. उंचीच्या खुणा, निरीक्षण विहिरी आणि नोंदवह्या यांच्या बळावर हे घडले.

एक कटू बाजूही सांगितली पाहिजे. खचणे थांबले, पण गेलेली उंची परत आली नाही. दबलेली चिकणमाती पाणी परत आले तरी पूर्वीसारखी फुगत नाही. तोक्योचा तो भाग आजही भरतीच्या पातळीखाली असून बंधारे आणि पंप यांच्या आधाराने तगून आहे. म्हणून उशिराची किंमत मोठी असते आणि चुकीच्या कारणामागे धावण्यात गेलेली वर्षे भरून येत नाहीत.

आपल्याकडचे आकडे

२०२२ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी ९९ किनारी शहरांच्या २०१५ ते २०२० मधील नोंदी प्रसिद्ध केल्या. मुंबई त्यांत होती. बहुतेक शहरांत जमिनीचा काही भाग समुद्र चढण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने खचतो, असा त्यांचा निष्कर्ष. मुख्य कारण भूजलाचा उपसा 'असावे', असे त्यांनी म्हटले आहे. हा 'असावे' शब्द बातमीत गळून पडला आणि 'काही भाग' याचे 'शहर' झाले.

२०२५ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर आणि चेन्नई यांचा अभ्यास आला. पाचांपैकी तीनच शहरे समुद्राशी निगडित, हे लक्षात ठेवावे. २०१५ ते २०२३ च्या नोंदींवरून ८७८ चौ. कि.मी. जमीन खचत असल्याचे आणि वर्षाला ४ मि.मी.हून अधिक वेगाच्या पट्ट्यात सुमारे १९ लाख लोक राहत असल्याचे त्यात म्हटले आहे. या निबंधाचा खरा गुण वेगळाच आहे. इमारतीला धोका खचण्याने होत नाही, असमान खचण्याने होतो, हे तत्त्व त्याने मध्यभागी ठेवले. सगळी इमारत सारखी खाली गेली तर भिंतीला तडा जात नाही. एक कोपरा जास्त गेला की जातो. त्यावरून दिल्ली, मुंबई व चेन्नई मिळून २,४०६ इमारतींना सध्या जास्त धोका असल्याचा अंदाज लेखकांनी दिला.

आमची हरकत या आकड्याच्या वापराला आहे. पाया किती खोल, बांधकाम किती जुने, काँक्रीट कसे, हे रडारला दिसत नाही. त्यामुळे २,४०६ ही संख्या म्हणजे आधी कोठे जाऊन तपासायचे याची यादी आहे. बातम्यांनी ती पडणाऱ्या घरांची यादी केली. अशा मथळ्याने रहिवासी घाबरतो आणि काही दिवसांनी, काहीच घडले नाही म्हणून, पुढचा इशाराही धुडकावतो.

मुंबईला जकार्ताची गोष्ट जशीच्या तशी लावता येत नाही. मुंबईखाली बराच भाग बेसाल्ट खडकाचा आहे आणि शहराचे पाणी मुख्यतः तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या जलाशयांतून नळाने येते. खडकावरची वस्ती आणि खाडीच्या चिखलावर भराव टाकून उभी राहिलेली वस्ती यांना एकच सरासरी लावणे म्हणजे डोके भट्टीत आणि पाय बर्फात ठेवून तापमान ठीक आहे असे म्हणणे होय. मुंबईचे प्रश्न भरावाचे, चिकणमातीचे आणि तुंबणाऱ्या पाण्याचे आहेत. ते वस्तीवार विचारले पाहिजेत.

आता या कामी आपल्याकडेही साधन आले आहे. भारत आणि अमेरिका यांचा 'निसार' हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यावरील एका रडारची तरंगलांबी सुमारे २४ सें.मी. आहे. लांब तरंग झाडापानांतून अधिक चांगला पार होतो, म्हणून रिकाम्या जागा कमी होतील. पण 'का' याचे उत्तर निसारकडूनही मिळणार नाही. ते निरीक्षण विहिरीतच शोधावे लागेल.

वर्गात काय करता येईल?

एका पसरट भांड्यात भिजलेला स्पंज ठेवा आणि त्यावर दोन लाकडी ठोकळे, एक हलका, एक जड. स्पंजच्या एका बाजूचे पाणी टिपकागदाने काढत जा आणि ठोकळ्यांची उंची दर दोन मिनिटांनी मोजा. खचणे असमान का असते, हे मुलांना स्वतःच्या मोजणीतून दिसेल. स्पंज पुन्हा भिजवला की फुगतो. चिकणमाती तशी फुगत नाही, हा फरक मात्र आवर्जून सांगा, नाहीतर प्रयोग चुकीचा धडा देईल.

गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून शाळेच्या आवारातील चार खुणांची तुलनात्मक उंची काढा. 'कशाच्या तुलनेत' हा प्रश्न त्यातून आपोआप येतो. जवळच्या विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला दोरी सोडून मोजा आणि वही ठेवा. पाच वर्षांची अशी वही ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम निरीक्षण विहिरींवर करते. तिच्या नोंदींशी आपली वही ताडून पाहता येईल.

आणि सूचनाफलकावर पुढच्या वेळी कात्रण लागले, की त्याखाली एक कोरा कागद लावा. कशाच्या तुलनेत, कोणत्या दिशेने, किती वर्षांत, ठिपका कशाचा आणि शेवटी, कारण कोणी आणि कसे तपासले, हे पाच प्रश्न त्यावर लिहा. बातमीत ज्यांची उत्तरे सापडतील ती मुलांनी भरावीत. बहुधा पाचवी जागा कोरी राहील. "मुंबई किती वर्षांत बुडेल?" असे विचारणाऱ्या मुलाला ती कोरी जागा दाखवावी आणि सांगावे, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर येथे भरायचे राहिले आहे, आणि ते भरायला जमिनीवर उतरावे लागेल."